हलका रॉड, लांब फेक: हिशेब ग्रॅमचा नाही, जागेचा

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात काँक्रीटची तीन तळी आहेत. १९३८ साली ती खास फेकीच्या सरावासाठी बांधली गेली. त्यांत मासे नाहीत, तरी लोक फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी फेकून मासे धरण्याचा रॉड, घेऊन काठावर येतात आणि आपली लाइन किती दूर जाते ते आजमावतात. असा छंद जडलेले काही जण पुढे आपला रॉड आपणच बांधायला घेतात. कार्बन फायबरची निमुळती पोकळ नळी, म्हणजे ब्लँक, विकत आणायची आणि तिच्यावर कॉर्कची मूठ, रीलची बैठक व लाइन ओवून घेणाऱ्या कड्या, म्हणजे गाइड, हाताने बसवायच्या. रॉड हलका झाला की फेक लांब जाईल, ही बहुतेकांची आशा असते. ती चुकीची नाही. चुकते ती हलकेपणा मोजण्याची रीत.

पहिला गैरसमज वजनकाट्याचा. नऊ फुटी, ५ नंबरच्या लाइनचा आजचा रॉड साधारण ७५ ते १०० ग्रॅम भरतो. दोन रॉडांमध्ये दहा ग्रॅमचा फरक दिसला की हलका तोच चांगला, असे ठरवून टाकले जाते. पण फेकताना रॉड नुसता उचलायचा नसतो, मुठीपाशी धरून फिरवायचा असतो. फिरवताना जाणवणारा जडपणा हा वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, या नियमाने वाढतो. हातापासून २.६ मीटरवर, शेंड्याशी असलेला एक ग्रॅम हा २६ सेंटिमीटरवरच्या शंभर ग्रॅमइतका हाताला विरोध करतो. म्हणून मुठीचे कॉर्क तासून पाच ग्रॅम वाचवणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही; शेंड्याकडचा अर्धा ग्रॅम वाचवणाऱ्याला मात्र फरक लगेच कळतो.

रीलचेही तसेच. ‘जड रील लावा, तोल साधेल, रॉड हलका लागेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. रील लावल्याने रॉडचा शेंडा खाली ओढायचा कमी होतो, हे खरे. पण फिरवतानाचा जडपणा त्याने घटत नाही, उलट किंचित वाढतो. शिवाय ते वजन हाताला दिवसभर उचलावे लागते, ते वेगळेच.

मग शेंड्याकडचे वजन कमी करायचे कुठे? ब्लँक तर तयार येतो. बांधणाऱ्याच्या हातात उरतात गाइड, ते बांधण्याचा धागा आणि धाग्यावर द्यायचे इपॉक्सी, आणि खरी कारागिरी इथेच आहे. गाइडचा पाय कानशीने घासून टोकाशी कागदासारखा पातळ करावा लागतो, म्हणजे धागा नळीवरून पायावर चढताना फट राहत नाही. मग बारीक धाग्याचा वेढा वेढ्याला लागून घ्यायचा. दोन पायांच्या गाइडला दोन बांधण्या लागतात, एका पायाच्या गाइडला एकच. म्हणजे धागा कमी आणि त्याच्यावरचे इपॉक्सीही कमी. ‘जाड थर म्हणजे मजबूत बांधणी’ ही समजूत रॉडाला सर्वांत जड पडते. बांधणीची पकड धाग्याच्या ताणातून येते. इपॉक्सीने धागा भिजून झाकला गेला की पुरे. रॉड संथ गतीच्या मोटरवर फिरत ठेवून पातळ थर दिला की फुगवटा येत नाही. शेंड्याकडच्या प्रत्येक गाइडवर इपॉक्सीचा गोळा बसला, तर महागड्या ब्लँकचा हलकेपणा तिथेच संपतो.

यावर कोणी म्हणेल, मग गाइडच कमी लावू. तेही चालत नाही. जुना ठोकताळा आहे, जितके फूट तितके गाइड आणि वर एक. त्याहून फार कमी लावले तर दोन गाइडांमध्ये लाइन झोळ खाते, ब्लँकवर आपटते आणि घर्षणात वेग गमावते.

ब्लँकची ‘स्पाइन’, म्हणजे नळीची जास्त ताठ बाजू, शोधून गाइड तिच्याच रेषेत बसवले नाहीत तर फेक वाकडी जाते, असेही छातीठोकपणे सांगतात. फ्लाय रॉडमध्ये गाइड खालच्या बाजूला लटकतात, त्यामुळे भाराखाली तो मुळात स्थिर असतो. अनेक अनुभवी बांधणारे स्पाइनपेक्षा नळीचा नैसर्गिक बाक बघतात आणि रॉड सरळ दिसेल असे गाइड लावतात.

ब्लँकवर लिहिलेल्या लाइनच्या नंबरलाही लोक प्रमाण मानतात. प्रमाण आहे ते लाइनचे: ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम. रॉडाला असे बंधन नाही. त्याच्यावरचा आकडा उत्पादक आपल्या अंदाजाने लिहितो. म्हणून विल्यम हॅनेमन यांनी २००३ मध्ये एक घरगुती मापनपद्धत मांडली. रॉड आडवा धरून शेंड्याला पिशवी टांगायची आणि तिच्यात अमेरिकन पेनी टाकत राहायचे. रॉडाच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतका शेंडा खाली आला की नाणी मोजायची. एकच आकडा मिरवणाऱ्या दोन ब्लँकांची ताकद अशी शेजारी ठेवून पाहता येते.

हे मोजणे महत्त्वाचे, कारण ‘जितका ताठ तितका लांब’ हाही भ्रमच आहे. लाइनला मिळणाऱ्या वेगाचा मोठा वाटा रॉड तरफेसारखा फिरल्यामुळे येतो, स्प्रिंगसारखा उसळल्यामुळे येणारा त्यापेक्षा लहान. वाकण्याचे मोठे काम हे की, हात कमानीत फिरत असताना शेंडा सरळ रेषेत जावा. हवेत पन्नास-साठ फूट लाइन पेलणाऱ्याला ताठ रॉड साजतो. पंचवीस फुटांवर अडलेल्या नवशिक्याच्या हातात तो पुरेसा वाकतच नाही, शेंडाही कमानीत फिरतो आणि लाइनचा फास रुंद उघडून हवेतच दम तोडतो.

राहिला लांब फेकीला दंडाची ताकद लागते, हा समज. जोन वुल्फ या अमेरिकन स्पर्धकाने १९५१ मध्ये बाकी सगळे पुरुष असलेल्या लांब फेकीच्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला आणि १९६० मध्ये १६१ फुटांची फेक केली. अशा फेकीचे मर्म ‘डबल हॉल’मध्ये असते: रॉड पुढे आणि मागे जात असताना दुसऱ्या हाताने नेमक्या क्षणी लाइनला हिसका द्यायचा. १९३०च्या दशकात पोर्टलंडच्या मार्विन हेज यांनी ते स्पर्धांत गाजवले, तेव्हा रॉड बांबूचे होते. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोचे लू स्टोनर बांबूच्या पट्ट्या आतून कोरत होते. बांबूचे बळ बाहेरच्या तंतूंत असते, आतला गाभा नुसते वजन वाढवतो. तो काढला की रॉड हलका होतो आणि ताठपणा जवळपास तसाच राहतो.

कार्बनच्या पातळ भिंतीला मात्र एक पथ्य आहे. मणी बांधलेली जड कृत्रिम माशी फेकताना ब्लँकवर आपटली, तर बारीक ओरखडा पडतो आणि पुढे कधीतरी, साध्या ताणाखालीही, रॉड तिथेच मोडतो.

नवा रॉड बांधणाऱ्याने धाग्याला हात लावण्याआधी गाइड पातळ चिकटपट्टीने बसवावेत, नेहमीची लाइन ओवावी आणि मोकळ्या मैदानात फेकून पाहावे. मग शेंड्याकडचे गाइड एक माप लहान घेऊन पुन्हा फेकावे. लाइन अडखळत नसेल, लाइन आणि माशी यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याची, म्हणजे लीडरची, गाठही गाइडमधून सहज सुटत असेल, तर तेच माप कायम करून बांधायला बसावे.