रोलबॅक : मागची आवृत्ती पुन्हा बसवताना

संगणक प्रणालीत बसवलेली नवी आवृत्ती सदोष निघाल्यास ती काढून आधीची चालती आवृत्ती पूर्ववत करण्याला ‘रोलबॅक’ म्हणतात; मात्र यंत्र सुरूच होत नसेल, तर हा उपाय दुरून करता येत नाही, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळून चुकले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा प्रणालीची सदोष फाइल विंडोज संगणकांत उतरू लागली आणि कंपनीने ती १०.५७ वाजता मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख संगणक बाधित झाले होते. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार मात्र केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला.

दुरुस्तीसाठी संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अत्यावश्यक घटकांपुरताच, सुरू करून ‘सी-०००००२९१’ या अक्षरांकांनी आरंभ होणारी फाइल पुसावी लागे, आणि डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर त्याआधी ४८ अंकी किल्ली टंकावी लागे. मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमाऱ्यासारख्या गावात, जिथे तंत्रज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, तिथे हा खोळंबा अधिकच लांबू शकतो. म्हणून प्रत्येक कार्यालयाने या किल्ल्यांची छापील प्रत जागेवरच, कुलपात जपून ठेवावी.