प्रकाशाचे द्रव्य आणि संवर्धित वास्तव

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव, या तंत्रात समोरचे खरे जग झाकले जात नाही. संगणकाने घडवलेली दृश्ये त्या जगातच वसलेली आहेत असा भास निर्माण केला जातो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकसकांना उपलब्ध करून दिलेल्या होलोलेन्ससारख्या पारदर्शक भिंगांच्या उपकरणात या तंत्राची एक मर्यादा स्पष्ट होते. असे उपकरण बाहेरून येणाऱ्या प्रकाशात स्वतःचा प्रकाश मिसळते, पण बाहेरचा प्रकाश अडवू शकत नाही. म्हणून त्यात काळा रंग दाखवता येत नाही, काळा भाग आरपार दिसतो आणि भर उन्हात उजळ आकृतीही फिकी पडते. संग्रहालये वा प्रदर्शनांतील प्रेक्षकाचा अनुभव आखणाऱ्या रचनाकारांना हा दोष वाटणे स्वाभाविक असले, तरी त्याचा खरा अर्थ असा की या माध्यमाचे मूळ द्रव्य प्रकाश आहे, आणि ते द्रव्य प्रकाशकलेने फार आधीपासून हाताळले आहे.

अँथनी मॅकॉल यांच्या १९७३ च्या ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’ या अर्ध्या तासाच्या चित्रपटात पडद्यावर एक बिंदू सावकाश वर्तुळ रेखतो, पण पाहायचा असतो तो प्रक्षेपकापासून भिंतीपर्यंत धुक्यात आकार घेणारा प्रकाशाचा पोकळ शंकू, ज्यात प्रेक्षक स्वतः शिरू शकतो. ओलाफुर एलियासन यांच्या १९९३ च्या ‘ब्यूटी’ या कलाकृतीत अंधाऱ्या दालनातील तुषारांवर दिव्याचा झोत पडून इंद्रधनुष्य उमटते. ते पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या स्थानावर अवलंबून असल्याने प्रत्येकाला वेगळे दिसते आणि तो बाजूला सरकताच नाहीसेही होते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००३ साली उभारलेल्या त्यांच्या ‘द वेदर प्रोजेक्ट’मध्ये पिवळ्या दिव्यांचे अर्धवर्तुळ छताच्या आरशामुळे पूर्ण सूर्य भासत असे, आणि त्या एकरंगी प्रकाशात पिवळा व काळा सोडून इतर रंग मावळत. लोक जमिनीवर आडवे पडून आरशात स्वतःची प्रतिबिंबे पाहत; तसे करण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि रचनेचे हेच मोठे यश मानले पाहिजे.

याच एलियासन यांनी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ‘वुंडरकामर’ या संग्रहाद्वारे सूर्य, ढग, इंद्रधनुष्य अशी दृश्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यातून घराघरांत आणली. कल्पना मोहक होती. पण हातातील छोट्या चौकटीत दिसणारे इंद्रधनुष्य तुषारांतल्या इंद्रधनुष्याइतके प्रेक्षकाच्या शरीराला हलवत नाही, हेही मान्य करावे लागते.

म्हणून रचनाकाराने चित्राआधी जागेचा विचार करावा. ॲपलच्या एआरकिटसारखी, २०१७ पासून उपलब्ध असलेली साधने कॅमेऱ्यातील प्रतिमेवरून खोलीतील उजेडाचा अंदाज घेऊ शकतात. त्या अंदाजानुसार आभासी वस्तूचा उजळपणा व सावली जुळली, तर ती त्या जागेची वाटते, एरवी ती वर चिकटवल्यासारखी दिसते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे खोलीतील खरा उजेड मंद करण्याचा, तुषार वा धूर वापरण्याचा आणि प्रेक्षकाला चालायला मोकळी जागा देण्याचा निर्णय रचनाकाराच्या हाती असतो. बहुतेक प्रकल्पांत पैसा आकृत्या घडवण्यावर खर्च होतो आणि खोलीचा उजेड मात्र जसाच्या तसा ठेवला जातो; हा क्रम उलटा केला पाहिजे.