आंब्याच्या वासात आंबा नसतो

दिवाळीसाठी सुगंधी मेणबत्त्या करणाऱ्या गटांशी आज बोलायचं आहे.

पहिल्या वर्षी आम्ही वाशिंदच्या गटानं खायचा व्हॅनिला इसेन्स मेणात ओतला. तो तळाशी थेंबथेंब साचला, वात तडतडली, वास काही आला नाही. चाळीस मेणबत्त्या पुन्हा वितळवाव्या लागल्या. कारण साधं होतं. असा इसेन्स पाण्यात मिसळणारा असतो आणि मेणात मिसळतं ते तेल. फळाचा रस घातला तरी तीच गत.

मग केळ्याचा, आंब्याचा वास येतो कुठून? वास म्हणजे हवेत उडणारी द्रव्यं. पिकल्या केळ्याच्या वासातलं मुख्य द्रव्य आयसोअमिल ॲसिटेट. तेच कारखान्यातही बनतं. व्हॅनिलाचं व्हॅनिलिन १८७४ सालीच जर्मनीत शेंगेशिवाय तयार झालं. आपला आंबेमोहर तांदूळच बघा, वास मोहराचा, पण आंब्याचं त्यात काही नाही.

म्हणून ‘मेणबत्तीसाठी सुगंधी तेल’ असं लिहिलेली बाटलीच घ्या. एक किलो मेणाला साधारण ६० ग्रॅम तेल पुरतं. बाटलीवर कमी प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. अंदाजानं नको, काट्यावर मोजा. जास्त घातलं तर मेणबत्तीला तेल सुटतं आणि काजळी धरते.

मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नका, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण वितळलं की खाली उतरवून तेल घाला, दोन मिनिटं हलवा. मेण पेटलंच तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवा.

हे तेल अत्तर म्हणून अंगाला लावू नका, विकूही नका. कातडीवर पुरळ येऊ शकतं.

पेढ्याच्या, फळाच्या आकाराची, गोड वासाची मेणबत्ती लहान मूल तोंडात घालतं. खाण्याच्या वस्तूसारख्या दिसणाऱ्या अशा धोकादायक मालावर युरोपात १९८७ सालीच बंदीचा नियम झाला. आम्ही आता साधे गोल साचेच वापरतो.

आणि चिठ्ठीवर ‘अस्सल हापूस’ लिहू नका, ‘आंब्याचा सुगंध’ लिहा. खरं लिहिलं की गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीलाही आपल्याकडेच येतं.