जंगलातल्या घराची कमाई मोजायची कशी?

गडचिरोलीतल्या एखाद्या घरी 'महिन्याला किती मिळतं?' असं विचारलं, तर खरं उत्तर हाती लागणं कठीण. मार्च-एप्रिलमध्ये घरातले सगळे पहाटेच मोहफुलं वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत संध्याकाळ होते. पावसाळ्यात रानभाज्या आणि अळंबी. यातलं बरंचसं बाजारात न जाता घरच्याच चुलीवर शिजतं. हातात रोख आली नाही म्हणून पाहणीच्या तक्त्यात तिथे शून्य पडतं. हा अन्यायच आहे.

'सिफॉर' या आंतरराष्ट्रीय वनसंशोधन केंद्राने 24 देशांतल्या सुमारे 8,000 घरांची पाहणी केली. वर्षभर, दर तीन महिन्यांनी. सरपणाच्या मोळीलाही किंमत लावून ती हिशेबात धरली. निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले: घरांच्या उत्पन्नातला सुमारे 28 टक्के वाटा निसर्गातून येत होता, त्यातही बहुतांश जंगलातून.

तरीही घर नीट चाललंय का, हे नुसत्या रुपयांवरून कळत नाही. त्यासाठी मूल्यमापनतज्ज्ञ रिक डेव्हिस यांची 'मूलभूत गरजांची पाहणी' मला अधिक पटते. कोणतीही गोष्ट गरजेची की नाही, हे गावकरीच सांगतात. निम्म्याहून अधिक लोकांनी 'हो' म्हटलं तरच ती यादीत राहते, आणि जितके जास्त 'हो', तितके तिला जास्त गुण. मग प्रत्येक घराकडे त्यातलं काय आहे, ते पाहायचं.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी ही मोजणी स्वतःच हाती घ्यावी.