वाजवून घेतलेला माल

आमचा भंडारा पितळी भांड्यांचा. भांडे वाजवून घ्यावे हे इथे पोरालाही ठाऊक! आमच्या कचेरीत मात्र परवा हाच धडा लिनक्सच्या संगणकाने दिला. अहवाल सकाळी जायचा होता. सायंकाळी मराठी फॉन्ट उतरवायला बसलो, तो 'अ‍ॅप्ट अपडेट' म्हणताच स्वारी अडली: मालाच्या यादीवरची सही पटेना!

"साहेब, तपासणीच बंद करू या," तरुण सहकारी म्हणाला. मोह झाला, खोटे कशाला सांगू? पण १९९३ साली इयान मर्डॉक यांनी आरंभलेल्या डेबियनची खरी राखण तीच. यादी उघड्या वाटेने आली तरी तिच्यावर डिजिटल सही असते. वाटेत कोणी हात घातला की ती जुळत नाही.

यादीचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला, तो काय! यादीच्या जागी कचेरीच्या फायरवॉलचे पान: नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा. रोज ही हजेरी लावल्यावाचून हा देवडीवाला कोणाला बाहेर सोडीत नाही, आणि त्या यंत्रावर ती कोणी लावलीच नव्हती. बिचाऱ्या अ‍ॅप्टने तेच पान यादी समजून वाजवून पाहिले होते.

हजेरी लावली. यादी आली, सही पटली, फॉन्टही उतरले. छपाई आटोपेतो रात्रीचे दहा वाजले.