सिंगापूरची सायकलवाट : रस्ता फुकट, धंदा रोख

मुंबई, भिवंडी किंवा मालेगावहून सिंगापूरला जाणारा आपला व्यापारी बहुधा तीन ठिकाणे पाहून परततो. सेरंगून भागातले मुस्तफा सेंटर, अरब स्ट्रीटवरची कापडाची दुकाने आणि सुलतान मशीद. परतीचे विमान रात्रीचे असते आणि मधला मोकळा दिवस हॉटेलच्या खोलीत किंवा अनावश्यक खरेदीत जातो. हा दिवस ईस्ट कोस्ट पार्कमध्ये घालवावा, अशी माझी व्यापारी बंधूंना शिफारस आहे. हवा खाणे होतेच, शिवाय फुकटच्या रस्त्याच्या कडेला रोखीचा धंदा कसा उभा राहतो तेही पाहायला मिळते.

सिंगापूरच्या पूर्व भागात सुमारे ४२ किलोमीटरचा सायकल मार्ग आहे. तो २००७ मध्ये पूर्ण झाला. ईस्ट कोस्ट पार्क, चांगी बीच पार्क, पासिर रिस पार्क आणि बेडोक जलाशय ही ठिकाणे त्याने एकमेकांना जोडली आहेत. वाट पक्की आणि जवळजवळ सपाट आहे. समुद्राकडच्या बाजूला मोटारींचा त्रास नाही. परतीचा भाग टॅम्पिनीस आणि बेडोकच्या वस्त्यांतून जातो, तिथे मात्र रस्ते ओलांडावे लागतात. पूर्ण फेरा मारण्याचा हट्ट धरू नये. पन्नाशी उलटलेल्या माणसालाही दहा-पंधरा किलोमीटर सहज जमतात. सायकलीवर तोल सांभाळता येतो, एवढी पात्रता पुरे. वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे आणि ती पाळली जाते.

ही जमीन आली कुठून, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडलाच पाहिजे. ज्या शहरात वीतभर जागेला सोन्याचा भाव आहे, तिथे सायकलींसाठी एवढी जमीन सोडणे कोणाला परवडेल? ईस्ट कोस्ट पार्क सगळाच भरावावर आहे. १९६६ पासून समुद्र बुजवून ही जमीन तयार करण्यात आली. पार्क सुमारे १८५ हेक्टरचा आणि पंधरा किलोमीटर लांबीचा आहे. उद्यानांना जोडणाऱ्या वाटांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी नवी जमीन लागली नाही. पाण्याच्या मोठ्या नाल्यांच्या काठाला देखभालीसाठी राखलेली पट्टी असते, रस्त्यांच्या कडेलाही राखीव जागा असते. ती कोणाच्या उपयोगाची नव्हती. तिच्यावरच वाट घातली. कापडाच्या कटाईत उरलेल्या पट्ट्या जोडून गोधडी शिवावी, तसा हा प्रकार आहे.

वाटेवर पैसे घेणारा कोणी नाही. पैसे वाटेच्या कडेला खर्च होतात. ईस्ट कोस्ट पार्कमध्ये सायकली भाड्याने देणारी दुकाने आहेत. एकट्याची, जोडीची, मुलाला मागे बसवायची, सगळ्या तऱ्हेच्या सायकली तासाच्या हिशेबाने मिळतात. दर दुकानागणिक वेगळे. काही दुकानदार एका शाखेतून घेतलेली सायकल दुसऱ्या शाखेत परत घेतात, म्हणजे गिऱ्हाइकाला उलट यावे लागत नाही. धंदा दिसतो तेवढा सोपा नाही. समुद्राची खारी हवा साखळी आणि आऱ्या खाऊन टाकते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च रोजचा. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत गर्दी, मधल्या वारी शुकशुकाट, आणि पाऊस आला की दुपार गेली. आपल्या ईदच्या मोसमासारखेच. चार दिवसांच्या कमाईवर महिन्याचे भाडे निघाले पाहिजे.

याच दुकानदारांवर २०१७ मध्ये मोठे संकट आले. ओबाइक, ओफो आणि मोबाइक या तीन कंपन्यांनी शहरभर हजारो सायकली आणून सोडल्या. दुकान नाही, गाळा नाही, नोकर दिसत नाही. मोबाइल फोनने कुलूप उघडायचे आणि काम झाले की सायकल जिथल्या तिथे सोडून द्यायची. भाडे इतके कमी की कडेचा दुकानदार त्या दराला उभाच राहू शकत नव्हता. गिऱ्हाईक खूश, वर्तमानपत्रे खूश. पण हळूहळू पदपथांवर सायकलींचे ढीग पडू लागले, काही तर नाल्यात सापडल्या. सरकारने परवान्याचा कायदा केला. नव्या अटी पेलत नाहीत असे सांगून ओबाइकने जून २०१८ मध्ये एकाएकी सिंगापुरातला कारभार बंद केला.

खरी गोष्ट पुढेच आहे. ओबाइकने गिऱ्हाइकांकडून ४९ डॉलरची अनामत घेतली होती, विद्यार्थ्यांकडून १९ डॉलर. कंपनी बंद पडली तेव्हा हजारो लोकांच्या या रकमा अडकल्या आणि गिऱ्हाईक देणेकऱ्यांच्या दारात उभ्या असलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. मराठीत आपण ज्याला ‘अनामत’ म्हणतो, तो मुळात ‘अमानत’ हाच शब्द आहे. दुसऱ्याचा पैसा आपल्याजवळ ठेवलेला. तो गल्ल्यात मिसळला की त्याचे भांडवल होते, आणि ते भांडवल बुडाले तर परत द्यायला काय उरणार? ओफोचा परवाना २०१९ मध्ये रद्द झाला, त्याच वर्षी मोबाइकनेही सिंगापूर सोडले. भाड्याच्या सायकली आजही शहरात मिळतात, पण ठरलेल्या जागी लावून तिथला कोड फोनने टिपावा लागतो, नाहीतर जादा पैसे कापले जातात. पार्कमधला भाड्याचा धंदा या सगळ्यातून टिकून राहिला. त्याच्याकडे अनामत ठेवलेला माणूस संध्याकाळी समोर येऊन उभा राहतो, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

आता पाणथळ भागाकडे येऊ. विमानतळाच्या कुंपणालगतचा लांब सरळ पट्टा ओलांडला की चांगी येते. तो पट्टा उन्हात रटाळ आहे, विमाने डोक्यावरून जातात एवढीच करमणूक. चांगीच्या धक्क्यावरून बारा माणसे जमली की लाकडी होडी उबिन बेटाकडे सुटते. बेटावर उतरताच सायकलींची दुकाने आहेत. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. ओहोटीला तिथे चिखल, वाळू आणि समुद्री गवत उघडे पडते. तिथे भराव घालण्याचे ठरले होते. लोकांनी आवाज उठवल्यावर डिसेंबर २००१ मध्ये सरकारने ते काम पुढे ढकलले. पुढे ढकलले, एवढेच. चांगीहून पुढे पासिर रिस पार्कमध्ये सहा हेक्टरचे कांदळवन राखले आहे. त्यातल्या लाकडी पुलावर सायकल हातात धरून चालावे. आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, पण तिथले रोहित पक्षी आपल्यापैकी बहुतेकांना गाडीच्या काचेतूनच दिसतात.

पोटाची चिंता नको. चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये मलय मुसलमानांचे नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, प्रसिद्ध आहे. दुकानावर मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा, म्हणजे ‘मुईस’चा हलाल दाखला आहे का ते पाहावे. उष्टे ताट परत ठेवण्याची जागाही हलालसाठी वेगळी असते. पासिर रिसमध्ये अल-इस्तिगफार मशीद आहे, जोहरची सोय होते.

ईस्ट कोस्टचा किनारा मात्र असाच राहणार नाही. वाढत्या समुद्रापासून बचाव म्हणून त्याच्यासमोर सुमारे ८०० हेक्टरचा नवा भराव घालण्याची ‘लाँग आयलंड’ योजना सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडली. मधल्या पाण्याचा जलाशय होईल. म्हणजे आज ज्या दुकानासमोर समुद्र आहे, त्याच्यासमोर उद्या तळे असेल. काम व्हायला अनेक वर्षे लागतील, पण वाळूवर बसायला येणारे गिऱ्हाईक तळ्याकाठी तितकेच येईल का, याचा हिशेब तिथल्या दुकानदाराला करावाच लागेल.

जाणाऱ्यांनी फजरनंतर निघावे. तिथे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा दोन तास गारव्याचे मिळतात. पाणी आणि रेनकोट जवळ ठेवावा. सायकल घेताना ब्रेक आणि हवा स्वतः तपासावी. ओळख म्हणून कोणी मूळ पासपोर्ट ठेवून घेऊ लागला तर देऊ नये, छायाप्रत द्यावी, आणि अनामत रोख दिली तर तिची पावती घेतल्याशिवाय पायडल मारू नये.