अस्थिगत कर्करोग आणि आपला कटिशूलाचा रुग्ण

कंबरदुखी वा पाठदुखीसाठी आयुर्वेद चिकित्सालयाची पायरी चढणाऱ्या रुग्णांची संख्या किती मोठी असते, हे आपणांस ठाऊकच आहे. बहुतेकांचे निदान कटिग्रह, गृध्रसी किंवा संधिगतवात यांतच पूर्ण होते व ते योग्यही असते. परंतु या गर्दीत क्वचित एखादा रुग्ण असा येतो की, ज्याच्या मणक्यात अन्य अवयवातील कर्करोगाने ठाण मांडलेले असते. अशा मणक्यावर केलेले जोरकस मर्दन किंवा ‘मणका बसविण्याचा’ प्रयत्न त्यास कायमचे पंगुत्व देऊ शकतो. म्हणून कोणते तेल वापरावे हा विचार करण्यापूर्वी, हे अस्थी भार सहन करण्याजोगे आहे काय, हा प्रश्न वैद्याने स्वतःस विचारला पाहिजे.

प्रथम संज्ञेविषयी. ‘हाडाचा कॅन्सर’ या एकाच शब्दाने दोन भिन्न व्याधी सांगितले जातात. अस्थीतच उत्पन्न होणारा कर्करोग प्रौढ वयात विरळा. आपल्यासमोर येतो तो प्रायः स्तन, पौरुषग्रंथी, फुप्फुस, वृक्क किंवा थायरॉइड ग्रंथी येथून पसरलेला. स्तनाचा कर्करोग अस्थीत गेला तरी तो स्तनाचाच राहतो. अस्थीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच कुळाच्या दिसतात आणि औषधयोजनाही मूळ स्थानानुसारच होते. रुग्णाचे आप्त ‘आता दुसरा कॅन्सर झाला’ असे समजून खचतात. त्यांना हा भेद समजावून सांगणे हेही चिकित्सेचेच अंग होय.

कर्करोगाच्या पेशी अस्थीचीच निवड का करतात? स्तनाच्या कर्करोगाने मृत झालेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदन नोंदी अभ्यासून स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये असे मत मांडले की, बीज सर्वत्र विखुरले तरी रुजते ते अनुकूल भूमीतच. गर्भसंभवाच्या सामग्रीत क्षेत्र व बीज यांचा विचार करणाऱ्या आणि संप्राप्तीत खवैगुण्य मानणाऱ्या आपल्या परंपरेस ही उपमा परकी वाटणार नाही. पुढे १९४० मध्ये बॅटसन यांनी मणक्यांभोवतालच्या झडपाविरहित सिराजालाचे महत्त्व दाखविले. श्रोणीतील रक्त या मार्गाने थेट पृष्ठवंशाकडे वाहू शकते. पौरुषग्रंथीच्या कर्करोगाचा मणक्यांकडे असलेला ओढा यामुळे काही अंशी उलगडतो.

निरोगी अस्थीत झीज आणि भर अखंड चालू असते. कर्करोगपेशी अस्थिभक्षक पेशींना चेतवितात. अस्थी विरघळताना त्यात साठलेले वृद्धिकारक घटक बाहेर पडतात आणि तेच अर्बुदाचे पोषण करतात. असे हे दुष्टचक्र आहे. वृक्क व थायरॉइडच्या कर्करोगात अस्थी बहुधा पोखरले जाते, पौरुषग्रंथीच्या कर्करोगात ते अधिक घन दिसते. मात्र घन दिसणारे अस्थी बळकट असतेच असे नव्हे.

येथे एका मोहाविषयी सांगणे अगत्याचे वाटते. सुश्रुताने वर्णिलेले अध्यर्बुद व द्विरर्बुद म्हणजेच आजचा पसरलेला कर्करोग, असे व्याख्यानांतून सहज सांगितले जाते. पूर्वीच्या अर्बुदावर उत्पन्न होणारे, तसेच एकाच वेळी किंवा क्रमाने जोडीने होणारे अर्बुद, एवढेच तेथे सांगितले आहे. त्यातून दूरस्थ अस्थीतील प्रसार काढणे मला ओढाताणीचे वाटते. याउलट चरकाने मज्जास्थिगत वाताची जी लक्षणे सांगितली आहेत, म्हणजे अस्थिपर्वांत फुटल्यासारखी वेदना, मांस व बल यांचा क्षय, निद्रानाश आणि सतत राहणारी रुजा, ती या रुग्णाच्या वर्णनाशी आश्चर्यकारक जुळतात. परंतु लक्षणे जुळली म्हणून हेतू कळला असे होत नाही. ‘अस्थिगतवात’ एवढे लिहून प्रकरणपत्र मिटले तर हेच साम्य घातक ठरेल.

कोणता रुग्ण वेगळा काढावा? विश्रांतीने न शमणारी, रात्री झोपेतून उठविणारी, आठवड्यागणिक वाढणारी वेदना. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली पाठदुखी, विशेषतः पाठीच्या मधल्या भागातील. अकारण घटलेले वजन. किरकोळ धक्क्याने झालेला अस्थिभंग. आणि सर्वांत महत्त्वाचा पूर्वेतिहास. दहा-बारा वर्षांपूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया रुग्णा आपण होऊन सांगत नाही. ‘ते केव्हाच बरे झाले’ अशी तिची समजूत असते. स्तनाचा कर्करोग मात्र इतक्या दीर्घ काळानंतरही अस्थीत प्रकट होतो. तेव्हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. साध्या क्ष-किरण चित्रावर विसंबू नये, कारण अस्थीतील खनिजांचा तृतीयांश ते निम्मा भाग नष्ट होईपर्यंत त्यात दोष दिसत नाही. एमआरआय किंवा अस्थिस्कॅन आवश्यक ठरतो. मज्जेतून उद्भवणारा मायलोमा हा असेच चित्र निर्माण करतो आणि तो अस्थिस्कॅनलाही हुलकावणी देऊ शकतो.

पाठदुखीच्या रुग्णास पायांत अशक्तता, बधिरता, मूत्रावरोध किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास सुषुम्नेवर दाब आल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. उपचार सुरू होतेवेळी जो चालत असतो, तोच पुढे चालता राहण्याची शक्यता अधिक. येथे बस्तीचा एक क्रम पूर्ण करून पाहू, इतकाही अवसर नसतो.

आपल्या औषधांविषयी अधिक स्पष्ट बोलावयास हवे. अस्थी झिजत आहे म्हणून प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती वा गोदंती यांचे कल्प देण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. ही सारी कॅल्शियमयुक्त द्रव्ये होत. अस्थी पोखरले जात असताना, विशेषतः स्तन व फुप्फुसाच्या कर्करोगात आणि मायलोमात, रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. तेव्हा तृष्णा, बहुमूत्रता, मलावष्टंभ, उत्क्लेश, तंद्रा व पुढे संभ्रम ही लक्षणे दिसतात. तृष्णा व छर्दी पाहून पित्तशमनार्थ प्रवाळपिष्टी दिली गेल्यास काय होईल, हे सांगावयास नको. दुसऱ्या बाजूस, झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्या रुग्णात कॅल्शियम घटूही शकते व त्यास कर्करोगतज्ज्ञ स्वतःच कॅल्शियम देतात. म्हणून रक्तपरीक्षण पाहिल्यावाचून यांपैकी कोणताही कल्प देऊ नये वा बंदही करू नये. झोलेड्रॉनिक आम्लाची मात्रा वृक्काच्या स्थितीवर ठरते. रसौषधी देणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे. ही दोन्ही औषधे घेत असता दात काढल्यास क्वचित जबड्याचे अस्थी मृत होते, म्हणून हलणाऱ्या दाताची तक्रार आल्यास रुग्णास प्रथम त्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

किरणोपचाराची भीती अनेकदा आपल्याच शब्दांनी वाढते. वेदनाशमनासाठी ८ ग्रे इतकी एकच मात्रा बहुतेक रुग्णांत अनेक दिवसांच्या उपचाराइतकीच उपयोगी पडते. पुनश्च किरण देण्याची गरज मात्र त्यानंतर काहीशी अधिक वेळा भासते. खेड्यातून येणाऱ्या कुटुंबास शहरात महिनाभर राहावे लागेल, हे गृहीत धरून ‘नको’ म्हणू नये. पहिले काही दिवस वेदना वाढू शकते आणि पूर्ण आराम पडण्यास काही आठवडे लागतात, याची पूर्वकल्पना दिल्यास रुग्ण घाबरत नाही.

निदान निश्चित झाल्यावर आपले कार्य संपत नाही. अग्नी, निद्रा, मुखपाक, मलप्रवृत्ती यांकडे मोठ्या रुग्णालयात पुरेसा वेळ मिळेलच असे नाही. मॉर्फिन घेणाऱ्यास मलावष्टंभ जवळजवळ निश्चित होतो. त्याकरिता इसबगोल देण्याचा प्रघात आहे, पण रुग्णाचे जलपान अल्प असल्यास त्याने अवरोध वाढतो. मृदू विरेचन अधिक युक्त, तेही आंत्रावरोध नाही याची खात्री करून. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा मराठीत आणि इंग्रजीत लिहून तो कागद रुग्णाच्या कर्करोग-फाइलमध्ये लावावा.